हेडरचे गॅस्केट: धातूची निवड आणि तिची कारणे

मोटारीच्या इंजिनात जळालेला वायू सिलिंडर-हेडच्या पोर्टांतून, म्हणजे हेडमधील निर्गममार्गांतून, बाहेर पडतो आणि पुढे एकत्र होऊन सायलेन्सरकडे जातो. हा वायू गोळा करणारा भाग अनेक गाड्यांत बिडाच्या ओतकामाचा असतो व त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. त्याच्या जागी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पोलादी नळी देणारी रचना बसवली, तर ती हेडर होय. या नळ्या ज्या सपाट पट्टीला वेल्ड केलेल्या असतात ती फ्लँज, आणि फ्लँज व हेड यांच्यामध्ये दाबला जाणारा पातळ थर म्हणजे गॅस्केट, ज्याला गॅरेजमध्ये सर्रास पॅकिंग म्हटले जाते.

या थरावर येणारा ताण मोठा असतो. पेट्रोल इंजिनावर पूर्ण भार असताना पोर्टातून निघणाऱ्या वायूचे तापमान ८०० अंश सेल्सिअसच्याही पुढे जाऊ शकते, आणि चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर या सांध्यांवर सेकंदाला एकूण १०० दाबलहरी आदळतात. त्याहून कठीण प्रश्न प्रसरणाचा आहे. पाण्याने थंड राहणारे ४०० मिलिमीटर लांबीचे ॲल्युमिनियमचे हेड १०० अंशांपर्यंत तापले, तर सुमारे ०.७ मिलिमीटरने वाढते. तेवढ्याच लांबीची पोलादी फ्लँज ४०० अंशांपर्यंत तापली, तर तिची वाढ सुमारे १.८ मिलिमीटर होऊ पाहते, आणि हा फरक प्रत्येक वेळी इंजिन तापताना व निवताना गॅस्केटला घर्षणाच्या रूपाने सोसावा लागतो.

सांधा गळू लागला की थंड इंजिनात टिकटिक असा आवाज येतो, भाग तापून फुगल्यावर तो कधी कमीही होतो, आणि फटीभोवती काजळी धरते. दोन दाबलहरींच्या मधल्या क्षणी याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ऑक्सिजन सेन्सर तिला इंधन कमी पडल्याची खूण समजतो, त्यामुळे नियंत्रक संगणक नको तेवढे इंधन वाढवतो. गळणाऱ्या वायूत विषारी कार्बन मोनॉक्साइडही असल्याने हा दोष केवळ आवाजाचा मानून सोडून देणे धोक्याचे ठरते.

धातूच्या गॅस्केटांत दोन प्रकार प्रमुख आहेत. पहिला बहुस्तरीय पोलादी: स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्र्यांवर पोर्टाभोवती उंचवटे दाबलेले असतात, ते स्प्रिंगसारखे दबून पुन्हा उसळतात आणि फ्लँज हलली तरी दाब टिकवतात, मात्र त्यांना दोन्ही पृष्ठभाग सपाट व गुळगुळीत लागतात. दुसरा तांब्याचा: १०८५ अंशांना वितळणारा हा धातू तापवून मऊ केला की पृष्ठभागाच्या बारीक खाचाखोचांत बसतो, पण त्यात उसळी फारशी नसते, वारंवार दाबला गेल्याने तो कडक होतो, आणि खारट दमट हवेत ॲल्युमिनियमशी त्याचा संपर्क गंजाला निमंत्रण देतो. पोलादी गाभ्यावर ग्राफाइट चढवलेले मिश्र गॅस्केट सौम्य वापराला पुरते. तथापि गळतीतून तप्त ग्राफाइटला हवा मिळाली, की ते हळूहळू जळून झिजते.

म्हणून निवडीचा आधार धातूची ख्याती नसून फ्लँजची अवस्था हा आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने हेडरची फ्लँज वाकण्याचा संभव असतो. तिच्यावर सरळ पट्टी ठेवून खालची फट फीलर गेजने मोजावी, आणि ती उत्पादकाने दिलेल्या मर्यादेबाहेर असल्यास जाड गॅस्केट शोधण्यापूर्वी फ्लँज मशीनवर सपाट करून घ्यावी. फ्लँज जाड व सपाट असेल, तर बहुस्तरीय पोलादी गॅस्केट सर्वांत टिकाऊ ठरते. किंचित असमान पृष्ठभागाला आणि वरचेवर उघडाव्या लागणाऱ्या सांध्याला मऊ तांबे अधिक मानवते. गॅस्केटचे भोक पोर्टापेक्षा किंचित मोठे असावे, कारण प्रवाहात डोकावणारी कड आधी जळते.

योग्य गॅस्केटही चुकीच्या जोडणीने वाया जाते. बोल्ट मधून कडांकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळावेत. तांब्याच्या व मिश्र गॅस्केटचे बोल्ट, उत्पादकाची सूचना असल्यास, इंजिन एकदा तापून निवल्यावर पुन्हा तपासावेत. फट भरण्यासाठी साधे सिलिकॉन लावू नये, कारण ते या उष्णतेत टिकत नाही आणि त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर निकामी करू शकते. वाकलेल्या फ्लँजवर महागडे गॅस्केटही गळते, तर सपाट फ्लँजवर योग्य दाबाने बसवलेले साधेसुधे गॅस्केटही आपले काम चोख करते. त्यामुळे खर्च करायचाच असेल, तर त्यातला पहिला वाटा मोजमापाला आणि फ्लँजच्या दुरुस्तीला मिळायला हवा.