बुंदीचा दाणा आणि जिवंत पेशी

लग्नघरी आचारी बुंदी पाडतो तेव्हा पातळ पीठ झाऱ्यातून गळते आणि कढईत पडताच थेंबाचा दाणा होतो. प्राण्यांच्या जिवंत पेशी कवचात कोंडण्याची कृती जवळजवळ अशीच आहे. मात्र तेथे आच लावून चालत नाही.

समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून अल्जिनेट काढतात. पाण्यात त्याची खळ होते. तीत पेशी मिसळून सुईने थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडले, की कॅल्शियम त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधतो व थेंब थिजतो. वर दुसरे पातळ आवरण चढवतात. हे आवरण म्हणजे चाळणच. साखर व प्राणवायू आत जातात, मळ बाहेर पडतो. शरीराची मोठी संरक्षक प्रथिने मात्र अडतात. प्रयोगशाळेत द्रव ढवळतानाही पेशी फुटत नाहीत. दाणा फार मोठा झाला, तर मधल्या पेशी गुदमरतात.

एवढा खटाटोप कशाला? इंदापूरच्या एखाद्या वाडीवरच्या मधुमेही मुलाला रोज सुई टोचावी लागते. वीज गेली की इन्शुलिनची बाटली गार कशी ठेवावी, ही आईला चिंता. १९८० साली लिम आणि सन या शास्त्रज्ञांनी इन्शुलिन करणाऱ्या पेशी अशा कवचातून मधुमेही उंदरांत सोडल्या. दोन-तीन आठवडे त्यांची साखर ताळ्यावर राहिली. पुढचे घोडे अडले ते असे, की शरीर कवचाभोवती तंतूंचे वेटोळे घालते आणि आतल्या पेशी उपाशी मरतात. तेव्हा कोणी 'पेशींची गोळी' विकायला आला, तरी इन्शुलिन बंद करू नये.

पुण्यात गणेशखिंडीला राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. या संस्थेतून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवल्या जातात. त्या पेशी शाळेत वाढवता येणार नाहीत. पण गुरुजी, पाव फुगवण्याचे यीस्ट घेऊन हा प्रयोग वर्गात जरूर करावा. बारामतीकडचे विहिरीचे पाणी जड, त्यातल्या चुन्याने अल्जिनेटच्या आधीच गाठी होतात. म्हणून खळ पावसाच्या पाण्यात करावी. तीत यीस्ट कालवून ड्रॉपरने दाणे पाडावेत, धुऊन गुळाच्या कोमट पाण्यात टाकावेत. काही वेळाने दाण्यांवर बुडबुडे धरतात आणि तळचे दाणे एकेक करून वर येऊ लागतात.