पाटाचे पाणी : वाटप कोणाच्या हाती, हित कोणाचे?



एकाच चारीवर मुखाशी ऊस उभा असतो आणि शेवटच्या शेतात ज्वारीलाही पाणी पोचत नाही. याचा दोष आपण पाणी सोडणाऱ्या माणसाला देतो. परंतु माणूस बदलला तरी परिस्थिती बदलत नाही. म्हणून तीन प्रश्न विचारावेत. पाणी वाटणाऱ्याला मोबदला कोण देतो? त्याला जाब कोण विचारू शकतो? टंचाईची झळ कोणाला बसते?

फड पद्धत

धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवरील बंधाऱ्यांवर फड पद्धत शेकडो वर्षे चालत आली. बंधाऱ्याखालील भिजक्षेत्राचे काही फड पाडत आणि एका फडात एका हंगामात सहसा एकच पीक घेत. अनेक खातेदारांची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असे. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवीत. त्यामुळे तूट एकट्या टेलच्या शेतकऱ्यावर न पडता सर्वांत वाटली जाई. पाणी पाजण्याचे काम पाटकऱ्याचे असे आणि त्याचा मोबदला शेतकरी धान्यरूपाने देत. ज्यांचे पीक त्याने भिजवायचे, त्यांच्याकडूनच त्याची कमाई येई. साहजिकच त्याला सर्वांचे समाधान पाहावे लागे.

सरकारी कालवा

येथे कर्मचाऱ्याचे वेतन, बदली व बढती वरून ठरते. टेलचा शेतकरी नाराज झाला तरी त्यात फरक पडत नाही. वजनदार बागायतदार नाराज झाला तर पडू शकतो. शिवाय पाणीपट्टी पीक व क्षेत्रावर आकारली, की त्याच क्षेत्राला जास्त पाणी घेणाऱ्याला जास्त पैसे पडत नाहीत. मग पाणी वाचवावे कशासाठी?

2005 चा कायदा

महाराष्ट्राने 2005 मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा केला. त्यातील मुख्य गोष्टी अशा :

1. पाणी वापर संस्थेला पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून दिले जाते. त्यामुळे बचतीचा लाभ संस्थेला मिळतो.

2. संचालक मंडळात मुख, मध्य व पुच्छ या तिन्ही भागांना प्रतिनिधित्व असते. त्यामुळे टेलचा माणूस निर्णयाच्या जागी बसतो.

3. मंजूर हक्काच्या पाण्यात कोणते पीक घ्यावे, हे शेतकरी ठरवू शकतो.

आपण काय पाहावे?

कायदा झाला म्हणजे सत्ता आपोआप वाटली जात नाही. सभेला फक्त मुखाकडचे सभासद आले, तर संस्थेचे नाव नवे आणि कारभार जुनाच राहतो. म्हणून,

• प्रत्येक आवर्तनापूर्वी पाळीपत्रक चावडीवर लावण्याचा आग्रह धरावा.

• शेजपाळी टेलकडून मुखाकडे चालवावी. शेवटचे शेत आधी भिजले की वरच्यांनाही आपली पाळी लवकर यावी म्हणून चारी साफ ठेवावीशी वाटते.

• मोजयंत्र चालू आहे का, ते पाहून नोंदवही सर्वांसमोर वाचावी.

• पाटकऱ्याचा पगार संस्थेच्या निधीतून द्यावा व त्याच्या कामाचा आढावा सभेत घ्यावा.

• टेलच्या सभासदांनी सभा चुकवू नये.

चांगला माणूस मिळाला तर उत्तमच. पण तो बदलून गेल्यावरही शेवटच्या शेताला पाणी मिळाले, तरच रचना योग्य आहे असे समजावे.