कानबाईची मिरवणूक लहान फाइलमध्ये

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी जळगाव-धुळ्यात घरोघरी कानबाई देवी बसते आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जनाला निघते. दोन्ही दिवस एकाच मोबाइलवर टिपलेले असतात. पण फाइल लहान केली की पूजा स्वच्छ दिसते आणि मिरवणुकीत चेहऱ्यांचे चौकोन होतात. यात कॅमेऱ्याचा दोष नाही.

लहान केलेल्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक पूर्ण चित्र, म्हणजे की-फ्रेम, ठेवून पुढे फक्त बदल नोंदवले जातात. चौरंग, कलश, मागची भिंत हलत नाही, म्हणून नोंदी थोड्या. मिरवणुकीत नाचणारे पाय आणि उधळलेला गुलाल क्षणाक्षणाला बदलतो. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला वापरायचा डेटा, ठरावीक ठेवला तर नेमका तिथंच तो अपुरा पडतो. म्हणून बिटरेट बांधून न देता दर्जा ठरवून द्यावा. हँडब्रेक या मोफत प्रोग्राममध्ये त्यासाठी आरएफ हा आकडा असतो. तो जितका लहान, तितकं चित्र चांगलं. फुल एचडीसाठी 20 ते 24, जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या चित्रासाठी 18 ते 22. फाइल किती मोठी होईल ते मग प्रसंगावर सोडावं.

धुळ्याजवळच्या मालेगावात नासिर शेख यांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ केला, तेव्हा संकलनासाठी हाताशी व्हीसीआर होते. कॅसेटवरून कॅसेटवर घेताना चित्र दर वेळी थोडं पुसट व्हायचंच. एवढ्या साधनांत त्यांनी सिनेमा उभा केला, याचं मला फार मोल वाटतं. डिजिटल फाइलची मात्र नुसती नक्कल केल्यानं काहीच जात नाही; पुन्हा एन्कोड केलं, म्हणजे नव्यानं दाबून साठवलं, की जातं. आधी कापून एक्स्पोर्ट, मग व्हॉट्सॲप, तिथून उतरवून परत कापणं, यात दर्जा तीनदा घसरतो. नको असलेला भाग लॉसलेसकटसारख्या प्रोग्रामनं एन्कोड न करता काढता येतो. काप की-फ्रेमवर पडतो, त्यामुळे सुरुवात ठरवल्यापेक्षा थोडी आधी होते, एवढंच. एन्कोडिंग शेवटी, एकदाच, तेही मूळ फाइल जपून ठेवून. पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ निवडावं, म्हणजे तिथं पुन्हा एन्कोड होत नाही.

आणि आवाजाला हात लावू नये. चित्राच्या मानानं तो फारच कमी जागा घेतो. हँडब्रेकमध्ये ऑडिओसाठी ‘पासथ्रू’ निवडलं की तो जसाच्या तसा राहतो. कानबाईची अहिराणी गाणी कित्येक घरांत फक्त आजीलाच पाठ असतात.