स्कोअरशीटवर न दिसणारं काम: पॉइंट गार्डचा बचाव कसा मोजायचा?

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एक प्रश्न घेतला: जो माणूस नुकसान होऊच देत नाही, त्याचं काम मोजायचं कसं?

उरणमध्ये हा प्रश्न रोजचा आहे. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात किंवा कंटेनर यार्डात एखादा सुपरवायझर असतो. त्याच्यामुळे गाडी चुकीच्या गेटवर जात नाही, कागद अडकत नाहीत. पण महिन्याच्या हिशेबात त्याच्या नावाची ओळच नसते. पगारवाढीची वेळ आली की आपण ऑर्डर आणणाऱ्याकडे बघतो. बास्केटबॉलच्या पॉइंट गार्डचं अगदी असंच होतं. चेंडू पुढे आणणारा आणि खेळ चालवणारा हा खेळाडू. त्याचे गुण आणि पास सगळे मोजतात. बचाव कोण मोजतो?

स्टील म्हणजे बचाव नव्हे

एनबीएमध्ये स्टील आणि ब्लॉक यांची अधिकृत नोंद १९७३-७४ च्या सीझनपासून सुरू झाली. आकडा मिळाला, पण तो अर्धाच. समजा, तुमच्या गार्डने ३ स्टील केले, टाळ्या पडल्या. त्यासाठी त्याने ९ वेळा हात घातला, ६ वेळा चुकला. त्यातल्या ४ वेळा समोरचा मोकळा आत शिरला आणि बास्केट झाली. दोन-दोनच्या हिशेबाने वाचवले जास्तीत जास्त ६ आणि घालवले ८. शीटवर मात्र तो हिरो!

आपल्याकडच्या कबड्डीला हे बरोबर कळलंय. पकड झाली तर गुण मिळतोच. पण प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ होते. म्हणजे काहीही न घडू देणं, हीसुद्धा बचावाची कमाई. पॉइंट गार्डच्या रिकाम्या चढाया आपल्याला मोजायच्या आहेत.

गॅरी पेटनचं उदाहरण

सिएटलचा पॉइंट गार्ड गॅरी पेटन १९९६ मध्ये एनबीएचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. हा मान पुन्हा एखाद्या गार्डला मिळायला २०२२ उजाडलं. तो होता बोस्टनचा मार्कस स्मार्ट.

१९९६ च्या अंतिम मालिकेत पेटनच्या पोटरीला दुखापत होती, म्हणून सुरुवातीला त्याला मायकेल जॉर्डनवर फारसं लावलं नाही. पहिल्या तीन सामन्यांत जॉर्डनचे गुण २८, २९ आणि ३६, सरासरी ३१. चौथ्या सामन्यापासून पेटन मुख्यतः त्याच्यावर आला. पुढचे आकडे २३, २६ आणि २२, सरासरी २४ च्या खाली. चौथ्या सामन्यात जॉर्डनचे १९ पैकी ६ च फटके पडले. शिकागोने मालिका ४-२ ने जिंकली, पण त्या दोन विजयांमागे पेटनचं हे काम मोठं होतं.

इथे एक सावधगिरी. त्याच चौथ्या सामन्यात सिएटलचा नेट मॅकमिलनही दुखापतीतून परतला होता. म्हणजे सगळा फरक एकट्या पेटनच्या खात्यावर टाकता येत नाही. समोरच्याचे गुण हा धागा आहे, निकाल नव्हे. निकालासाठी व्हिडिओच बघावा लागतो.

पाच प्रश्नांची वही

मॅच मोबाईलवर रेकॉर्ड करा. दुसऱ्यांदा बघताना चेंडूकडे नाही, फक्त आपल्या गार्डकडे बघा. समोरच्यांच्या प्रत्येक हल्ल्याला हे विचारा:

१. चेंडू मध्यरेषेपलीकडे न्यायला ८ सेकंद असतात. त्याने समोरच्याला त्यातले किती खर्च करायला लावले?
२. ड्रिबलवर तो समोरच्याच्या पुढे राहिला की मागे पडला?
३. स्क्रीन लागल्यावर वाट काढून परत आपल्या माणसावर आला का?
४. शेवटी फटका कोणी मारला, कुठून? २४ सेकंद संपत आल्यावर घाईत मारलेला लांबचा फटका आत गेला, तरी बचाव चांगलाच धरा.
५. फाऊल गरजेचा होता का? पाच वैयक्तिक फाऊल झाले की खेळाडू बाहेर. एका क्वार्टरमध्ये संघाचा पाचवा बचाव-फाऊल झाला की समोरच्याला दोन फ्री थ्रो.

शेवटी बेरीज करा: एकूण हल्ले किती, त्यातले त्याने बिघडवले किती. एका सामन्यावर शिक्का मारू नका, चार-पाच सामने बघा. समोर कमकुवत खेळाडू होता की तगडा, तेही लिहा.

दोन गुणांची किंमत

जुलै २०१७ मध्ये बेंगळुरूत भारतीय महिलांनी आशिया कप ‘ब’ गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ ने हरवलं आणि ‘अ’ गटात बढती मिळवली. पुण्याची गार्ड शिरीन लिमये त्या संघात होती. फरक किती? एका बास्केटचा. ४० मिनिटांत एक हल्ला जरी कमी अडवला असता, तर निकाल फिरू शकला असता. असा अडवलेला हल्ला कुणाच्याच नावावर लिहिला जात नाही.

मित्रांनो, हीच वही धंद्यात वापरा. पगारवाढ ठरवण्याआधी एक महिना त्या सुपरवायझरची नोंद ठेवा: किती वेळा घोटाळा होणार होता आणि तो कुणी वेळेत थांबवला. नोंद नसेल तर चांगला माणूस कंटाळून दुसऱ्या यार्डात जातो. तो काय अडवत होता, ते मग आपल्याला बिलं भरताना कळतं.

तुमच्या टीममध्ये रिकाम्या चढायांचा बादशहा कोण? कमेंटमध्ये जरूर सांगा, आणि आज त्यालाही सांगा.