मधुमालती कुंडीत का रुसते? भंडाऱ्याच्या उन्हात हा वेल जगवायचा कसा

रीलमध्ये सगळं सोपं दिसतं. बाल्कनीच्या कोपऱ्यात एक कुंडी, तिच्यातून वर चढलेली मधुमालती, आणि पांढऱ्या-गुलाबी-लाल फुलांचे लटकणारे घोस. आता तीच कुंडी भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात, किल्ल्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या सानगडीत, स्लॅबच्या घराच्या गच्चीवर मे महिन्यात ठेवून बघा. आठवड्याभरात पानांच्या कडा करपतात, मग पानं गळतात. घरातले म्हणतात, पाणी कमी पडलं. पाणी वाढवलं जातं. जून उजाडेपर्यंत वेल मेलेला असतो, आणि बऱ्याचदा तो तहानेनं नाही तर मुळं कुजून मेलेला असतो.

गंमत म्हणजे त्याच गल्लीत कुणाच्या तरी फाटकावर जमिनीत लावलेली मधुमालती असते. तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, तरी ती दरवर्षी लदलदून फुलते. मग कुंडीतच काय बिघडतं?

मुळात ही आहे कोण?

मधुमालतीचं आजचं शास्त्रीय नाव कॉम्ब्रेटम इंडिकम. जुनं नाव क्विसक्वॅलिस इंडिका, आणि लॅटिनमध्ये 'क्विस' म्हणजे कोण, 'क्वॅलिस' म्हणजे कसं. हे 'कोण-कसं' नाव दिलं सतराव्या शतकात इंडोनेशियातल्या आंबोन बेटावर काम करणाऱ्या रम्फियस या वनस्पतिअभ्यासकानं. नाव विचित्र वाटलं तरी कुंडीवाल्यांसाठी कामाचं आहे. मधुमालतीचं लहान रोप वेलासारखं वागतच नाही. आधी ते झुडपासारखं सरळ उभं वाढतं, आणि मग कधीतरी अचानक लांबलचक फांद्या बाहेर टाकून आधार शोधू लागतं. त्यामुळे 'नर्सरीवाल्यानं दुसरंच रोप गळ्यात मारलं' असं वाटून ते उपटून टाकण्याआधी थोडे महिने थांबा.

दुसरी ओळख अस्सल भंडाऱ्याची आहे. ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा ही आपल्या जंगलातली झाडं आणि मधुमालती एकाच कुळातली. म्हणजे ज्या ऐनाच्या पानांवर पूर्व विदर्भात कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या अळ्या वाढवल्या जातात, त्या ऐनाची ही चुलत बहीण. वेल उष्ण कटिबंधातलाच आहे, त्यामुळे उन्हाचं त्याला वावडं नाही. उलट पाच-सहा तास थेट ऊन मिळालं नाही तर तो नुसता पानं काढत बसतो.

जमिनीत चालतं, कुंडीत का नाही?

जमिनीतल्या वेलाच्या पानांवर ४५ अंशांचं ऊन पडतं, पण मुळं खाली गार मातीत असतात. कुंडीत तसं नसतं. कुंडीच्या भिंतीवर ऊन पडतं, खालून स्लॅब तापलेला असतो, आणि मुळं नेमकी भिंतीला चिकटून वाढलेली असतात. काळ्या प्लास्टिकची कुंडी असेल तर विचारूच नका. तापलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून माती ओली असतानाही पानं माना टाकतात. आपल्याला वाटतं तहान लागली, आपण आणखी पाणी ओततो, आणि गरम, चिखल झालेल्या मातीत मुळं कुजायला लागतात.

त्यामुळे नवतपा सुरू होण्याच्या बऱ्याच आधी, एप्रिलमध्येच, कुंडीला सावली द्यायची. फांद्या उन्हात राहू द्या, कुंडी झाका. ओलं पोतं गुंडाळा, समोर विटांचा आडोसा करा किंवा इतर कुंड्या तिच्याभोवती दाटीनं ठेवा. खाली विटांचे तुकडे ठेवून कुंडी स्लॅबपासून दोन-तीन इंच उचला. मातीची कुंडी भिंतीतून पाणी झिरपवते म्हणून थोडी गार राहते, पण तिला पाणीही जास्त वेळा लागतं. माठाचंच तत्त्व आहे हे.

दुपारी पानं लोंबली तर लगेच पाइप घेऊन धावू नका. सूर्य कलल्यावर पुन्हा बघा. पानं आपोआप ताठ झाली असतील तर वेलाला पाणी नको होतं. संध्याकाळीही मलूल असतील तर बोट दोन इंच मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी द्या, आणि ते खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या. उन्हाळ्यात पाण्याची वेळ सकाळी लवकर. दुपारी पाइपमध्ये तापलेलं पाणी थेट मुळांवर सोडणं म्हणजे वेलाला चटका देणंच.

माती: धानाच्या मुलखात उत्तर दारातच आहे

भंडाऱ्यातले शेतकरी जमिनीला कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बर्डी अशी नावं देतात. यातली कन्हार काळी, भारी आणि पाणी धरून ठेवणारी. कुंडीत ती एकटी भरली तर पावसाळ्यात चिखल होतो आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. भेग पडली की वरून ओतलेलं पाणी कडेनं सरळ खाली निघून जातं, आणि मधला गोळा कोरडाच राहतो.

ऑनलाइन व्हिडिओ सांगतात कोकोपीट आणा, परलाइट आणा. आणायला हरकत नाही, पण राइस मिलच्या जिल्ह्यात त्यासाठी पैसे घालवायची गरज नाही. धानाचा तूस, तोही अर्धवट जाळून काळा केलेला, माती भुसभुशीत ठेवायला उत्तम. त्यात सिलिका भरपूर असल्यामुळे तो लवकर कुजत नाही. कच्चा तूसही चालतो, पण कमी प्रमाणात, कारण कुजताना तो मातीतलं नत्र ओढून घेतो, शिवाय राहिलेले दाणे उगवतात. आणि तूस म्हणजे तूसच, जनावरांना घालायचा कोंडा नव्हे. कोंडा घातला तर कुंडीत बुरशी आणि मुंग्यांची जत्रा भरते.

दोन वाटे मोरंडीसारखी मध्यम माती, एक वाटा जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक वाटा जाळलेला तूस. हाताशी कन्हारच असेल तर तिचा एकच वाटा घ्या आणि एक वाटा जाड रेती घाला. ताजं शेण मात्र नको. ते कुंडीत तापतं आणि हुमणीच्या अळ्यांना आमंत्रण देतं.

कुंडीच्या तळाशी गिट्टीचा थर घातला की निचरा चांगला होतो, हा समज फार जुना आहे. प्रत्यक्षात माती आणि गिट्टी जिथे भेटतात तिथेच पाणी अडून राहतं. बारीक मातीतून जाड थरात पाणी सहज उतरत नाही. म्हणजे थर जितका उंच, तितका चिखल मुळांच्या जवळ येतो. भोकावर खापराचा एक तुकडा पुरे.

नर्सरीतून आणलेल्या रोपाचं एक वेगळंच दुखणं असतं. आंध्र प्रदेशातल्या कडियमसारख्या ठिकाणांहून रोपं देशभर जातात. लांबून आलेल्या रोपांच्या मुळांभोवती बऱ्याचदा घट्ट चिकणमातीचा गोळा असतो. तो तसाच नव्या कुंडीत बसवला तर आजूबाजूची माती ओली आणि गोळा आतून कोरडा ठणठणीत. लावण्याआधी गोळा पाण्यात भिजवून बाहेरची माती हलक्या हातानं मोकळी करा. त्याहून बरं म्हणजे पावसाळ्यात शेजाऱ्याच्या वेलाची एक फांदी वाकवून कुंडीतल्या मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा आणि मुळं धरली की कापून घ्यायची. हे दाब कलम. फुकटात होतं, आणि तो वेल इथल्या हवेत आधीच टिकलेला असतो.

कुंडी केवढी हवी? सुरुवातीला १२ इंची, वर्षभरानं १६ ते १८ इंची. पण ओल्या मातीनं भरलेली १८ इंची कुंडी दोन माणसांनाही सहज उचलत नाही. ती गच्चीच्या मधोमध न ठेवता खाली भिंत किंवा कॉलम असेल तिथे ठेवा, आणि पत्र्याच्या किंवा कौलाच्या छपरावर अजिबात नको. आधाराला बांबूच्या कमच्यांची जाळी सगळ्यात चांगली. लोखंडी जाळी उन्हात तापते आणि कोवळे शेंडे भाजते.

फुलं का येत नाहीत?

कमेंटमध्ये सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न बहुधा हाच असेल. ऊन कमी पडत असेल तर फुलं येत नाहीत, हे वर आलंच. दुसरं कारण जास्तीचं खत. युरिया, ढेपेचं पाणी, पुन्हा युरिया असं केलं की वेल हिरवागार होतो आणि कळी धरत नाही. नत्र पानं वाढवतं, आणि पानं मजेत वाढत असताना वेलाला फुलायची घाई नसते. महिन्यातून एकदा दोन मुठी शेणखत किंवा गांडूळखत पुरतं. चुलीची राख पालाश देते, पण एखादा चमचाच, कारण राखेनं माती क्षारयुक्त होते.

तिसरं कारण छाटणीची वेळ. मधुमालतीला फुलं नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात. फेब्रुवारीत, थंडी सरताना, जुन्या फांद्या निम्म्यापर्यंत छाटल्या की नवे फुटवे येतात आणि त्यावर घोस लागतात. एप्रिल-मेमध्ये 'खूप पसरलाय' म्हणून कात्री चालवली तर तुम्ही कळ्याच कापता. हिवाळ्यात पानं पिवळी पडून गळली तर घाबरायचं कारण नाही. वेल झोपलाय, पाणी कमी करा.

केळीच्या सालीचं पाणी, कांद्याचं पाणी, दूध, चहाचा चोथा या 'सात दिवसांत कळ्या' छापाच्या उपायांनी सावलीतला वेल फुलत नाही. साली कुजल्यावर थोडं पालाश मिळतं, एवढंच. दुधानं कुंडीला वास आणि माशा मिळतात.

फुलं रंग का बदलतात?

फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि नंतर लाल होतं. एकाच घोसात तीन रंग दिसतात ते यामुळे. रात्री पांढरं फूल अंधारात उठून दिसतं, वास दरवळतो, आणि लांब सोंड असलेले हॉकमॉथ जातीचे पतंग त्या लांब नळीतला मध पितात. दिवसा रंगीत फुलांवर मधमाश्या आणि फुलपाखरं येतात. चिनी संशोधकांनी २०१६ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये मांडलेल्या अभ्यासाचा विषयही हाच होता: रंग, मध आणि वास बदलत वेल वेगवेगळ्या पाहुण्यांना कसा बोलावतो. म्हणजे लाल झालेलं फूल 'खराब झालं' म्हणून तोडायची गरज नाही.

आणि साप?

'मधुमालतीच्या वासानं साप येतो' हा मेसेज दर पावसाळ्यात फिरतो. फुलांच्या सुगंधाचा सापाला काही उपयोग नाही. तो येतो उंदीर, बेडूक आणि पालींमागे. पण भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. धानाच्या बांध्या घराला लागून आहेत, पावसात बिळं पाण्यानं भरतात, आणि दाट वेलाखालची कोरडी, अंधारी जागा उंदराला आवडते तशी सापालाही. नाग, मण्यार, घोणस हे तिन्ही या भागात आहेत, आणि मण्यार तर रात्री घरात शिरते.

म्हणून वेलाचा खालचा दीड-दोन फूट भाग मोकळा ठेवा. फांद्या खिडकीत किंवा छपराच्या फटीत शिरू देऊ नका, आणि कुंडीमागे विटा, लाकडं, रिकामी पोती रचू नका. अंधारात पाणी घालायचं तर टॉर्च हवाच. दंश झालाच तर वेळ न घालवता सरकारी रुग्णालय गाठायचं. प्रतिविष तिथे मिळतं, मांत्रिकाकडे नाही.

सापापेक्षा जास्त घरांत शिरणारा धोका मात्र कुंडीखालच्या बशीत असतो. तिथे साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्याभरात तयार होतो. जून ते सप्टेंबर बशी काढूनच ठेवा. वर्षाचा सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस जिथे मुख्यतः याच चार महिन्यांत पडतो, तिथे बशीचं काम तसंही नसतं. सलग झड लागली की कुंडीचं भोक मोकळं आहे ना, हे तारेनं टोचून बघा. पावसानं मातीतलं खत धुऊन जातं, त्यामुळे पुढची मूठ उघडीप मिळाल्यावरच.

कोरड्या उन्हात पानांमागे बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी. पानांच्या मागच्या बाजूला सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी तो बराच आटोक्यात येतो. पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. त्यासाठी निंबोळी अर्क, पण संध्याकाळीच, कारण भर उन्हात फवारलात तर पानं किडीआधी तुमच्या औषधानंच करपतील.