फाईलचा मार्ग आणि मराठी ‘ऱ’

बोलींच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह आता संगणकावरच होत असल्यामुळे, फाईलचा मार्ग कसा लिहावा हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा उरलेला नाही. एकाच प्रकल्पाचे काम विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही यंत्रणांवर चालते, तेव्हा मार्गलेखनातील अल्पसा भेदही सामग्री दृष्टीआड करू शकतो. या भेदांचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

मार्ग म्हणजे नामांची क्रमबद्ध माला होय. नुसत्या ‘तिसगाव’ या नावाने निश्चित बोध होत नाही. कल्याणजवळ एक तिसगाव आहे, छत्रपती संभाजीनगरजवळही आहे. ‘अहमदनगर/पाथर्डी/तिसगाव’ असे म्हटले की संदेह फिटतो. परंतु २०२४ मध्ये या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. त्यानुसार फोल्डरचे नाव बदलले, तर संपूर्ण मार्ग ठिकठिकाणी लिहून ठेवणाऱ्या आज्ञावलीला तिसगावची एकही फाईल सापडणार नाही. याउलट, जिल्ह्याचा फोल्डर हे प्रकल्पाचे मूळ मानून ते एकाच ठिकाणी नोंदविले आणि अन्यत्र ‘पाथर्डी/तिसगाव’ एवढाच सापेक्ष मार्ग ठेवला, तर दुरुस्ती एकाच ओळीची राहते.

दुसरा भेद विभाजकचिन्हाचा. युनिक्सच्या परंपरेत ‘/’ हे चिन्ह आहे. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हते, आणि ‘/’ हे चिन्ह आज्ञांचे पर्याय दर्शविण्यात गुंतले होते; म्हणून १९८३ मध्ये फोल्डर आले तेव्हा ‘\’ पत्करावे लागले. विंडोजने तोच वारसा पुढे चालविला. यास्तव विभाजक स्वहस्ते न लिहिता, पायथनमधील ‘पाथलिब’सारख्या साधनाकडून मार्ग जुळवून घ्यावा.

तिसरा भेद खास मराठीचा आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये तीन प्रकारे येतो: एकच स्वतंत्र वर्ण म्हणून, ‘र’ आणि नुक्ता असा, किंवा ‘र’, हलन्तचिन्ह व एक अदृश्य जोडचिन्ह मिळून. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. मॅकची १९९८ मधील एचएफएस प्लस ही व्यवस्था नावे साठविताना पहिल्याचे दुसऱ्यात विघटन करीत असे. लिनक्स सामान्यतः नावांचे बाइट ताडून पाहते; त्यामुळे तिच्या लेखी ही तीन भिन्न नावे ठरतात. युनिकोडच्या ‘एनएफसी’ प्रमाणीकरणाने पहिली दोन रूपे एक होतात; तिसरे मात्र वेगळेच राहते. त्यासाठी प्रकल्पाने स्वतंत्र नियम करणे आवश्यक आहे.

नावाच्या लांबीचेही भान ठेवावे. लिनक्सवर एका नावाला बहुधा २५५ बाइटांची मर्यादा असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, ३ बाइट घेते. म्हणजे ८५ चिन्हांतच नाव संपते.

या दक्षतेचे कारण तांत्रिक सोयीपुरते नाही. न सापडलेली फाईल पुष्कळदा चूक म्हणून पुढे येतच नाही. केवळ गणनेतून गळते. मग तो शब्द त्या गावी बोलला जात नाही, असा निष्कर्ष निघतो. बोलणाऱ्याने तर तो उच्चारलेला असतो.