श्यामच्या घरावरची जप्ती

साने गुरुजींनी ९ फेब्रुवारी १९३३ रोजी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहायला घेतली आणि १३ तारखेच्या पहाटे संपवली. तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. आईला जाऊन १५ वर्षं उलटली होती. शाळेत असताना हे काही माझ्या गावीही नव्हतं. चाळिशीनंतर पुस्तक पुन्हा वाचलं आणि लक्षात आलं, रात्री आश्रमातल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगणारा श्याम हा चांगला मोठा माणूस आहे.

लहानपणी मनात राहिल्या त्या ठरावीक गोष्टी. तळव्यांना माती लागू नये म्हणून धोंड्यावर पसरलेलं लुगडं, पोहायला जात नाही म्हणून खाल्लेला मार, अळणी भाजी. १९५३ साली या पुस्तकावर आचार्य अत्र्यांचा चित्रपट आला, वनमालाबाईंची आई घराघरांत पोचली, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. संस्कार करणारी, डोळ्यांत पाणी आणणारी आई कायमची ठरून गेली.

आता वाचताना मला दिसतं ते कर्ज. खोताचं नांदतं घर, मग वाटणी, मग झोपडी. सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो, वाटेल ते बोलतो आणि भाऊ, म्हणजे श्यामचे वडील, मान खाली घालून ऐकतात. घरात तेल असलं तर मीठ नाही. शेवटी गावात ढोल वाजवून जप्ती पुकारली जाते. आईला आजारापेक्षा त्या आवाजानेच खचवलं, असं मला ठामपणे वाटतं. ही पानं मुलांना कळणार कशी? हप्ते थकलेल्या माणसाला ती अंगावर येतात. आणि अळणी भाजीसुद्धा बदलली. रांधणारीला वाईट वाटू नये म्हणून मुकाट जेवणाऱ्या नवऱ्याची ती गोष्ट आहे; लहानपणी भाऊ मला दिसलेच नव्हते.

एक जागा मात्र आज टोचते. महार म्हातारीला मोळी उचलून दे, असं आई श्यामला सांगते. पण घरी आल्यावर अंघोळ करायलाही सांगते. तिची माया तिच्या काळाच्या कुंपणापर्यंतच पोचते. गुरुजींनी ते झाकलं नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पुढे १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केलं. त्या अंघोळीपासून या उपोषणापर्यंतचं अंतर मुलाने स्वतः चालून काढलं, आईने दिलेल्या मायेच्याच बळावर.

‘श्यामची आई’ हे रडवणारं पुस्तक म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांनी आणि बालसाहित्य म्हणून मुलांच्या कपाटात लावणाऱ्यांनीही ते एकदा स्वतःसाठी उघडावं. सुरुवात पहिल्या रात्रीपासून नाही केली तरी चालेल. कर्जाच्या प्रकरणापासून करा.